दिवस बुडायच्या आत

पाच वाजले की आमच्या घराच्या अंगात येतं. मी कॉलेजात शिकवून धापा टाकत आलेली असते, एक चप्पल इकडं, एक तिकडं, पर्स सोफ्यावर, आणि तोंडावर पाणी मारायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज येतो, "आगं, दिवस निघाला की बुडायला!" हा आवाज माझ्या सासूबाईंचा. आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. आम्ही जैन. दिवस बुडाला की आमच्या घरात मोठ्यांचं जेवण बंद. मी स्वतः कॉलेजात शिकत असताना मैत्रिणींबरोबर रात्री भेळ हाणलेली आहे, आणि नवरा नोकरीसाठी साताऱ्यात राहतो तो तिथं किती वाजता जेवतो हे मी विचारत नाही. पण आत्यांचा नेम म्हणजे नेम. तापानं फणफणल्या तरी अंधार पडल्यावर त्यांनी कधी अन्नाला तोंड लावलेलं नाही.

त्यांचा नेम त्यांच्यापुरता असता तर मी कशाला आरडाओरडा केला असता? पण त्यांचं आणखी एक आहे. नातीच्या पोटात चार घास गेल्याशिवाय त्या ताटावर बसत नाहीत. "लेकरू उपाशी आन् मी गिळू व्हय?" म्हणजे आमची बाळी, वय अडीच वर्षं, वरणभाताची वाटी संपवणार, मग तिची आजी जेवणार, आणि हे सगळं दिवस बुडायच्या आत. थंडीच्या दिवसांत तर मला कॉलेजातून यायला आणि सूर्याला जायला एकच वेळ.

त्यात आमचा फ्लॅट विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर, आणि पश्चिमेला समोर एक नवी बिल्डिंग उठलेली. सूर्य तिच्यामागं गेला की आत्या जाहीर करतात, "बुडाला." नवरा घरी असला की वाद घालतो, "आई, तो बिल्डिंगमागं गेलाय. बुडाला नाही अजून. अर्धा तास आहे चांगला." आत्या ऐकून घेत नाहीत. "मला दिसंना म्हंजे बुडाला. मी काय बिल्डिंगवर चढून बघू?" गावाकडं, जिथं सासरे अजून ऊस बघत बसलेत, तिथं दिवस शेताच्या कडेला पार टेकेपर्यंत दिसतो. इथं बिल्डरनं आमचा अर्धा तास खाल्ला, त्याला कोण काय करणार?

तर असल्या धावपळीत बाळीला भरवायचं. पहिला घास घेते, दुसरा थुंकते, तिसऱ्याला पळते. आत्या एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, आणि ती टेबलाखाली. शेवटी एका संध्याकाळी मी वैतागून टीव्ही लावला. काय सांगू! पोरगी जिथं होती तिथंच बसली, नजर पडद्यावर, तोंड आपोआप उघडं. मी घास घालत गेले, ती गिळत गेली. वाटी रिकामी झाली तरी सूर्य बिल्डिंगच्या वरच होता. आत्यांनी त्या दिवशी निवांत मांडी घालून जेवण केलं आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई. रोज लाव."

रोज लावला. आणि मी काही अडाणी बाई नव्हे, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. उगाच मारामारीची कार्टून नाही लावली. शोधून शोधून लहान मुलांसाठी शिकवणारा कार्यक्रम काढला. निळ्या टोपीचं एक अस्वल होतं त्यात. इंग्रजी बोलायचं, अगदी हळू, मऊ आवाजात. रंग शिकवायचं, आकडे शिकवायचं, प्राणी दाखवायचं. ना आदळआपट, ना किंचाळणं. मला ते आवडलं. खरं सांगायचं तर मला वाटलं, आपण फार शहाणपणा केला. भरवणं होतंय, शिकणं होतंय, आत्या जेवतायत, मी तेवढ्यात कणीक मळून घेतीय. आणखी काय पाहिजे?

आणि शिकली की हो पोरगी! दोन महिन्यांत रेड, ब्लू, यलो. एक ते दहा इंग्रजीत. हत्ती नाही म्हणायची, एलिफंट म्हणायची. दिवाळीला घरात पाहुणे जमले तर आत्यांनी तिला मधोमध उभी केली. टीव्ही लावला. अस्वलानं विचारलं, "व्हेअर इज द रेड बॉल?" बाळीनं बोट दाखवून ठणकावलं, "रेड!" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आत्यांची छाती ही एवढी. "आमची इंग्रजी बोलती. लय शानी हाय." चुलत नणंद कौतुकानं म्हणाली, "आता आमच्याशी बोल की गं. मी कोण?" बाळी तिच्याकडं बघतच राहिली. "आत्या! मी आत्या गं!" नणंदेनं स्वतःच सांगून टाकलं, गालगुच्चा घेतला, आणि मग जाता जाता माझ्या कानाशी म्हणाली, "वैनी, हिला ऐकू येतं ना नीट?"

मला असा राग आला! हसत हसत तिला लाडूचा डबा दिला, दार लावलं आणि तणतणत आत आले. ऐकू येत नाही म्हणे. अस्वलाचं तर बरं ऐकू येतं! पण बोलून बसली ती बसली. त्या दिवसापासून माझ्या डोक्याला भुंगा लागला. मी आठवायला लागले, बाळी शेवटची कधी स्वतः होऊन काही बोलली? पाणी हवं असलं की माझा हात धरून माठापाशी नेते. बाहेर जायचं असलं की चपला आणून माझ्या मांडीवर ठेवते. 'आई' म्हणते का? मी खूप आठवलं. कधीतरी म्हणाली असेल, पण मला हाक मारून, मला काही हवं म्हणून? मला एकही वेळ आठवेना.

शनिवारी नवरा साताऱ्याहून एसटीनं आला. आठवडाभर या क्षणाची वाट बघत बसलेला माणूस. दारातच बॅग टाकून खाली बसला, हात पसरले. "कोण आलं? कोण आलं गं? पप्पा आले! मी कोण? पप्पा! म्हण, पप्पा!" बाळी त्याच्या बगलेखालून टीव्हीकडं बघत होती. टीव्ही तर बंद होता. रात्रीचं जेवण म्हणून त्यानं आमच्यासारखं लवकरच दोन घास खाल्ले आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी भांडण झालंच. "तुला तिला शिकवायचं आहे का गप्प बसवायचं आहे?" तो म्हणाला. मी म्हणाले, "तुम्ही या ना रोज पाच वाजता. या आणि भरवा. बघू किती घास जातात!" तो म्हणाला, "मी काय साताऱ्यात मजा करतोय?" आत्या मध्ये पडल्या, "आरं, भांडू नगासा, पोरगी घाबरती." बाळी घाबरली बिबरली नव्हती. ती एका कोपऱ्यात बसून ठोकळे लावत होती आणि म्हणत होती, "ब्लू. गुड जॉब. यलो. गुड जॉब."

सोमवारी मी रजा टाकली आणि डॉक्टरांकडं नेलं. आत्याही आल्या. डॉक्टरीणबाईंनी कान तपासले, कान उत्तम. मग खेळणी दिली, तिचं निरीक्षण केलं, मला प्रश्न विचारत गेल्या. मी घडाघडा सांगितलं, रंग येतात, आकडे येतात, प्राणी येतात. त्या म्हणाल्या, "छान. आणि स्वतः होऊन काय मागते?"

"मागते म्हणजे, हात धरून नेते ना."

"शब्दानं काय मागते?"

वर्गात साठ पोरांसमोर तोंड चालतं माझं, तिथं मी पर्सची चेन उघडमीट करत बसले. आत्या मात्र तडकल्या, "मागायच्या आत देतो की आमी! लेकरावर मागायची पाळी कशाला यील?"

डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "टीव्हीवरून तिला शब्द मिळालेत. बोलणं मात्र माणसाबरोबरच येतं. टीव्ही पूर्ण बंद करा. घरातल्यांनी भरपूर बोला तिच्याशी. संक्रांतीनंतर परत आणा. तोवर फरक दिसला नाही तर पुढच्या तपासण्या करू."

पुढच्या तपासण्या. हे दोन शब्द माझ्या डोक्यात जे बसले ते उठेनात. कसल्या तपासण्या, हे मी विचारलं नाही आणि घरी येऊन फोनवर शोधत बसले. शोधू नये तेच शोधलं. स्टाफरूममध्ये तास नसताना मी तेच वाचायची. एक वाचलं की वाटायचं, हो, हे आमच्या बाळीत आहे. दुसरं वाचलं की वाटायचं, नाही बाई, हे नाही. शिकवताना फळ्यावर मागणी लिहायच्या जागी पुरवठा लिहिला, पोरं फिदीफिदी हसली. मला कुठं बसवेना. बसले की उठावंसं वाटायचं, उठले की कुठं जायचं कळेना.

टीव्ही बंद केला. मग जे सुरू झालं ते विचारू नका. पाच वाजता बाळी टीव्हीसमोर पाट ओढून बसायची आणि वाट बघायची. काळा पडदा. ती पडद्यावर हात आपटायची, मग भोकाड. घास तोंडाशी नेला की वाटी उडायची. मी डॉक्टरांनी सांगितलं तसं भरपूर बोलत होते. "बघ चिमणी आली, चिमणी कशी करते? चिव चिव करते. कावळा कसा करतो? काव काव करतो. खा बघू, खाल्लं की काय होतं? मोठ्ठं होतं!" बोलून बोलून माझा घसा बसला. तिकडं सूर्य बिल्डिंगमागं. आत्या म्हणायच्या, "बुडाला," आणि आपलं ताट न वाढताच पालथं घालून ठेवायच्या. सकाळपर्यंत उपाशी. वय झालेलं, त्यात पित्ताचा त्रास. एकदा नाही, दोनदा नाही, तो आठवडा असाच गेला. वर नुसते उसासे. त्यांचे उसासे शिव्यांपेक्षा जड असतात.

सगळ्यात वाईट एक झालं. एका संध्याकाळी बाळी रडून रडून थकली आणि त्या काळ्या पडद्यासमोर उभी राहिली. थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "रेड." परत थांबली. "रेड?" कुणी गुड जॉब म्हणेना. मी कणकेच्या हातानं तशीच दारात उभी राहून रडले. माझ्या पोरीला बोलायचं होतं हो. पण माझ्याशी नाही, त्या डबड्याशी.

मग एक दिवस तास रद्द झाला, मी लवकर घरी आले, आणि जिन्यातच मला अस्वलाचा आवाज आला. दार ढकललं तर आत्या बाळीला भरवतायत आणि टीव्ही चालू! अशी मी भडकले! "आत्या, डॉक्टरांनी काय सांगितलं? तुम्हाला काळजी आहे का नाही पोरीची?" आत्याही पेटल्या. "डॉक्टरला सांगायला काय जातंय? हितं लेकरू वाळून चाललंय. आन् मी उपाशी मरू व्हय? तुज्या म्हाताऱ्या सासूची तुला काय पडलीय?" भात वाळत होता, आम्ही भांडत होतो, आणि बाळी अस्वलाशी बोलत होती. मी रिमोट हातात घेतला, पण बंद नाही केला. म्हणाले, "चालू दे. बघते तरी आज मी, हे अस्वल काय शिकवतं ते."

कारण खरं म्हणजे मी तो कार्यक्रम कधी बघितलाच नव्हता. रोज लावत होते, पण माझे डोळे एकदा वाटीत आणि एकदा खिडकीत. त्या दिवशी मी हाताची घडी घालून, उत्तरपत्रिका तपासायला बसावं तशी बसले. चुका काढायच्याच होत्या. अस्वल टोपी सावरत आलं. टोपलीत चेंडू होते. त्यानं विचारलं, "व्हेअर इज द ग्रीन बॉल?" आणि गप्प झालं.

मला वाटलं आवाज गेला. नेट अडकलं असणार. मी रिमोट पुढं केला. अस्वल पडद्यावरून आमच्याकडं बघत होतं, डोळे मिचकावत, नुसतं उभं. गाणं नाही, काही नाही. किती वेळ! आणि त्या गप्प वेळात माझी मुलगी म्हणाली, "ग्रीन." मग अस्वल खुश झालं, "गुड जॉब!" पुढचा प्रश्न विचारला आणि परत गप्प. परत वाट बघत उभं. परत बाळी बोलली.

मी हाताची घडी सोडली. अस्वलाला काही ऐकू जात नव्हतं, हे मलाही कळतं. बाळी बोलो न बोलो, ते गुड जॉब म्हणणारच होतं. पण थांबत होतं ते. विचारून थांबत होतं.

शेजारी आत्या घास पुढं करून म्हणत होत्या, "काय पायजे माझ्या राणीला? पाणी पायजे? व्हय, पाणी पायजे." आणि पाण्याचा पेला तिच्या तोंडाला.

त्या संध्याकाळपासून मी घरात कान लावून फिरायला लागले आणि मला वेड लागायची पाळी आली. आमच्या घरात बाळीला दिवसभर प्रश्न विचारले जातात, आणि एकाही प्रश्नाचं उत्तर तिच्यासाठी शिल्लक राहत नाही! आत्या विचारतात, "भूक लागली? लागली की." सासरे गावाकडून फोन करतात, "वळखलंस का? आज्जा हाय मी." शेजारची काकू जिन्यात विचारते, "कुठं चालली ठमी? भुर्र चालली." आणि मी? मी तर सगळ्यांच्या वरताण. चिमणी कशी करते, चिव चिव करते. विचारणारी मी, सांगणारी मी. वर्गातसुद्धा तेच, एकदा प्रश्न विचारला की पोरांनी डोकं वर करायच्या आत मीच उत्तर फळ्यावर लिहिते. आम्हाला वाटतं, आपण लेकराशी किती बोलतो, किती जीव लावतो. जीव लावतोच. पण पोरीला तोंड उघडायला जागा कुठं होती? वाटीतले घास घालतो तसे आम्ही तिच्या तोंडात शब्द घालत होतो. ती मिटून बसली होती.

मी आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमी चार पोरं वाढवली आशीच. बोलत न्हाईत व्हय ती?" बोलतात की. गावाकडच्या घरात एकाला गप्प केलं तर बोलायला दुसरी दहा पोरं होती. इथं फ्लॅटात ही एकटी आणि आम्ही मोठी माणसं तुटून पडलेलो.

ठरवलं, टीव्ही बंद, पण आता मी अस्वल. विचारायचं आणि थांबायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा. मी विचारलं, "बाळी, भात देऊ का पोळी देऊ?" आणि ओठ घट्ट मिटले. एक क्षण गेला. माझ्या जिभेला मुंग्या आल्या. पाय आपोआप हलायला लागला. खिडकीत सूर्य बिल्डिंगच्या टाकीला टेकलेला. बाळी माझ्याकडं बघतीय, तोंड जरासं उघडतंय असं वाटलं, आणि स्वयंपाकघरातून आत्या खणखणीत आवाजात, "भात दे, भात! पोळी कुटली चावतीय तिला!"

"आत्या!" मी किंचाळले. "तुम्हाला नाही विचारलं!"

आत्या रुसल्या. दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या. तिसऱ्या दिवशी मात्र मी बाळीला प्रश्न विचारला तर त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि पदराचं टोक दातात धरलं. घट्ट. मला हसू आवरेना. पण बाळी काही बोलली नाही.

शनिवारी नवऱ्यालाही शिकवलं. पुढचा आठवडाभर तो व्हिडिओ कॉलवर प्रयत्न करत होता. "मी कोण?" विचारायचा आणि मी सांगितलं म्हणून गप्प राहायचा. इकडं बाळी पडद्याकडं बघतीय, तिकडं तो. तेवढंही त्याला सोसायचं नाही. "हॅलो? नेटवर्क गेलं का? ऐकू येतंय का?" संपलं! मी कपाळाला हात लावायची. सगळ्यांना बोलायची इतकी घाई, आणि पोरगी मुकी. संक्रांत जवळ येत चालली. बाजारात तिळाचे लाडू दिसायला लागले आणि मी दिवस मोजायला लागले. दिवस लहान, सूर्य घाईत, आत्या निम्म्या वेळा उपाशी. आता त्या उसासे टाकत नव्हत्या, हे त्यातल्या त्यात. मी म्हणायची, "आत्या, तुम्ही आधी जेवून घ्या ना." त्या मान हलवायच्या. "आधी तिच्या पोटात जाऊ दे."

त्या दिवशी कॉलेजात परीक्षेची ड्यूटी होती. सुटायला उशीर झाला, सिग्नलला गाडी अडकली, घरी पोचले तर सूर्य बिल्डिंगमागं गेलेला. घरात दिवा अजून लावलेला नव्हता. आत्या ताट पालथं घालून बसल्या होत्या. दुपारपासून बाळीनंही काही खाल्लं नव्हतं म्हणे. मी चप्पलसुद्धा नीट काढली नाही. वरणभात कालवला, वाटी घेऊन तिच्यासमोर फतकल मारली. मला रडू येत होतं, भूक लागली होती, सगळ्यांचा राग येत होता, अस्वलाचासुद्धा. वाटलं, लावावा टीव्ही, घालावे घास, आणि मोकळं व्हावं. चुलीत जाऊ दे ते बोलणं.

पण विचारलं. "बाळी, काय करायचं या भाताचं?" आणि थांबले.

या वेळी माझ्यात बोलायचं त्राणच नव्हतं, म्हणून थांबणं जमलं असेल. आत्या उठून दारात, पदर दातात. कुणी हललं नाही. खाली रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. बाळीनं माझ्याकडं बघितलं. टीव्हीकडं बघितलं. आजीकडं बघितलं, आणि त्या पालथ्या ताटाकडं. मग माझ्या हातातला चमचा ओढून घेतला, भात भरला, निम्मा फरशीवर सांडला, आणि उरलेला सांभाळत चार पावलं चालून आजीपुढं गेली. चमचा वर केला.

"आजी, भात?"

आणि थांबली. मान वर करून, डोळे मिचकावत, नुसती उभी.

तिनं हाक मारली होती. तिनं विचारलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. आणि लगेच माझ्या लक्षात आलं की दिवस बुडालाय. खरोखरचा बुडालाय. समोरच्या बिल्डिंगच्या जिन्यात दिवे लागले होते, रस्त्यावरचे लागले होते. माझ्या अगदी ओठांवर आलं, 'बाळी, आजी आता खात नाही गं.' दात ओठात रुतवले आणि गिळलं ते. हे उत्तर माझं नव्हतं.

आत्यांच्या तोंडातून पदर सुटला. ज्या बाईला कधी कशाला उत्तर द्यायला वेळ लागला नाही, ती बाई गप्प. त्यांनी खिडकीकडं बघितलं. बघत राहिल्या. चमचा हलत होता, एक एक शीत खाली पडत होतं, आणि बाळी वाट बघत होती. तिला काही घाई नव्हती.

"बुडाला न्हाई आजून," आत्या म्हणाल्या. "बिल्डिंगमागं हाय."

आणि खाली वाकून त्यांनी तोंड उघडलं.

मी तोंडावर हात दाबून रडत होते. बाळीनं आजीचं चावणं नीट बघितलं, घास गिळेपर्यंत थांबली, आणि मग अगदी अस्वलाच्या आवाजात, मऊ, हळू, म्हणाली, "गुड जॉब!"

आत्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं वळल्या. "काय म्हनली गं ती?"

"मला काय विचारता?" मी म्हणाले. "तिलाच विचारा. आणि थांबा."